प्रस्थान पुढे, आत्या मागे

मस्कतहून शारजाला बसने गेले असं सांगितलं की पुण्याची मंडळी आधी विचारतात, "तिकडे रेल्वे नाही का गं?" नाही. रूळ टाकायचं काम चाललंय म्हणतात, कधीतरी ओमानहून अमिरातीत रेल्वेने जाता येईल, इन्शाल्ला. मग दुसरा प्रश्न, "अगं, मग विमानाने जायचं, तासाभराचं तर आहे." तेही खरं. पण माझ्या डाव्या कानाच्या पडद्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की एवढ्यात विमानात पाऊल ठेवायचं नाही. सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, प्लँटवर शटडाऊनची ड्यूटी होती, त्यामुळे गाडीने सोडायलाही कुणी नव्हतं. राहिली बस. सकाळी मस्कतहून निघते आणि दुपारच्या जेवणाच्या सुमारास शारजाला पोचते. निदान तिकिटावर तरी तसं छापलेलं असतं.

आणि जायलाच हवं होतं. माझा धाकटा भाऊ मिलिंद शारजाला राहतो. त्याला आणि केतकीला लग्नानंतर फार वर्षांनी मुलगी झाली आणि शनिवारी संध्याकाळी तिचं बारसं होतं. बारशाला बाकी कुणी असो नसो, आत्या लागते. बाळाच्या कानात नाव तिने सांगायचं. हल्ली आईबाप व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच नाव जाहीर करून मोकळे होतात आणि आत्या बिचारी फोटोपुरती वाकते. आमच्या माहेरी मात्र अजून जुनंच चालतं. नाव आत्याने ठरवायचं आणि ते कानात जाईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, बाळाच्या बापालाही नाही. केतकी रोज फोन करून माझ्या मागे लागली होती, "ताई, निदान पहिलं अक्षर तरी सांगा." मी ढिम्म.

खरं सांगायचं तर ते नाव मी शोधलेलंच नव्हतं. ते आईने दिलं होतं. शेवटच्या आजारपणात एका दुपारी ती मला म्हणाली होती, "मिलिंदला मुलगी झाली तर हे ठेव. मुलगा झाला तर तुमचं तुम्ही बघा." का, तेही तिने सांगितलं होतं आणि ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. पुढे आई गेली, मिलिंदकडे काही होईना, आणि ते नाव माझ्या पोटात तसंच राहिलं. म्हणून त्या शनिवारी मला तिथे पोचायचं होतं, मग आभाळ कोसळो.

दार्सैत

"आदल्या दिवशी निघायला काय झालं होतं?" असं मिलिंदनेही मला नंतर सुनावलं. काय झालं होतं ते सांगते. गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी कान तपासून बसने जायला होकार दिला. शुक्रवारी अमावस्या. शनिवारी शनिवार, आणि आमच्या आईच्या नियमाप्रमाणे शनिवारी घर सोडून कुणी गावाला जात नाही. सतीश म्हणाला, "तुझ्या आईच्या कॅलेंडरात चालायचे दिवस किती आणि बसायचे किती?" त्याच्याकडे मी लक्ष देत नाही.

यावर आईकडेच उपाय होता, तो म्हणजे प्रस्थान. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान उंबऱ्याबाहेर काढायचं आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण प्रवासाला त्या दिवशीच निघालो. मग पाय प्रत्यक्षात कधी का निघेनात. ज्याने कुणी ही पळवाट काढली त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

प्रस्थान ठेवायला आमच्या बिल्डिंगमध्ये खदीजाभाभींसारखं घर नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्या पहिल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या. मस्कतमधल्या या दार्सैतला आम्ही आलो तेव्हापासून त्यांच्याकडची सोलकढी वर येते आणि आमच्याकडची पुरणपोळी खाली जाते. पहिल्यांदा मी त्यांना प्रस्थान समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजे तू हितं आनि तुझी पिशवी परवासाला? ठेव गो, ठेव. पिशवी जेवत तर नाय ना?"

गुरुवारी संध्याकाळी मी पिशवी भरली. मूठभर तांदूळ, एक साडी. सुपारी ठेवतात, पण सीमेवर सुपारीवरून कटकट होते म्हणून हळकुंड. बाळासाठी कुंची, आईच्या जुन्या इरकली साडीची, मी हाताने शिवलेली. आणि आईचा आणखी एक नियम होता. प्रस्थानात अशी एक तरी वस्तू हवी जिच्यावाचून आपलं अडेल, नाहीतर ते नुसतं नाटक. जिच्यावाचून अडेल अशी वस्तू म्हणून मी पासपोर्ट ठेवला. ज्यांना पुढचं आत्ताच कळलं असेल त्यांनी इथे हसून घ्यावं.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन महिने बंद होती. जिन्याने उतरलं की पहिल्या मजल्यावर भाभींचं दार आपोआप लागतं. पिशवी उचलायची आणि पुढे जायचं, असं ठरलेलं. शनिवारी पहाटे खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, माझ्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात केतकीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि पाहते तर काय, लिफ्टचा दिवा लागलेला. मला इतका आनंद झाला की मी आत शिरले आणि सरळ तळाला जाऊन उतरले. बसस्थानकावरच्या माणसाने पासपोर्ट विचारला तेव्हा मी ऐटीत फोनवरचा फोटो दाखवला, सोबत व्हिसाचा कागदही फोनवरच. त्याने मान हलवली. हल्ली सगळं फोनवर असतं हाही एक धोकाच आहे.

बरका

माझ्या शेजारी एक ओमानी आजी बसल्या होत्या. काळा अबाया, हाताला मेंदी, पायाशी कॉफीचा थर्मास. त्यांनी स्वतःची ओळख उम्म सईद अशी करून दिली. उम्म सईद म्हणजे सईदची आई. इथे बायकांना थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, आपल्याकडे पूर्वी वाड्यावस्तीत बंड्याची आई म्हणायचे तसंच. त्या इब्राच्या. तिथे बुधवारी बायकांचा बाजार भरतो, त्यात त्यांनी आयुष्यभर कापड विकलं आणि कापड आणून देणाऱ्या हिंदुस्थानी माणसांकडून हिंदी उचलली. लेक शारजाला दिलेली, तिच्याकडे चालल्या होत्या. मी बारशाला निघालेय म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातावर खजूर ठेवला आणि "मबरूक", म्हणजे अभिनंदन, म्हणाल्या.

ही कॉफी, कहवा म्हणतात तिला, हातात मावेल न मावेल अशा लहानशा कपातून देतात. आपण कप परत केला की पुन्हा भरतात. नको असेल तर कप जरासा हलवून दाखवायचा. आपल्याकडे पानावर आडवा हात धरतात, तरी वाढणारी वाढतेच. इथे कप हलवला की खरोखर थांबतात. मी तीन कप घेतल्यावर हलवला आणि तेवढ्यात बसचा एसी बंद पडला.

पाठोपाठ इंजिनानेही सूर बदलला. बरक्याला ड्रायव्हरने बस हळूहळू एका पेट्रोल पंपावर घेतली, खाली उतरून मागे जाऊन पाहिलं आणि परत येऊन म्हणाला, "गाडी खलास." हा ड्रायव्हर स्वातकडचा पठाण होता, थकलेला पण सभ्य. "मस्कत से दूसरी गाड़ी निकली है, बाजी. इन्शाल्ला एक घंटा."

इतकी वर्षं इथे राहून इन्शाल्लाचे प्रकार कळायला लागतात. एक असतो तो नक्की होणार असा. एक असतो तो देवाच्या मनात असेल तर असा. ड्रायव्हरचा होता तो त्याहून पलीकडचा. मी मिलिंदला फोन लावला.

"ताई, किती वाजेपर्यंत पोचशील?" तो म्हणाला. "सहाला लोक येणार. हॉल नऊपर्यंतच आहे."

"सहाच्या आत येते. तू पाळणा सजव."

पंपाशेजारी एका मलबारी माणसाचं चहाचं दुकान होतं. सगळी बस तिथे सावलीला गेली. जूनचं ऊन. समोर खजुराच्या बागा, झाडांवर पिवळे-लाल घोस, त्यांच्या पलीकडे समुद्र असणार, कारण वाऱ्याला मासळीचा वास होता. आम्ही कडक दुधाचा करक चहा घेतला आणि परोठा-अंडं खाल्लं. उम्म सईदनी परोठ्यात साखर घालून खाल्ली. माझी चिडचिड चालली होती. सकाळचा मोकळा रस्ता, अर्ध्या दिवसाचा प्रवास, आणि मी मस्कतपासून हाकेच्या अंतरावर चहा पीत बसले होते. या बसवाल्यांना काही लाजलज्जा आहे की नाही, असं मी मराठीत दोनदा म्हटलंही. उम्म सईदनी दोन्ही वेळा गंभीरपणे मान डोलावली.

मग ड्रायव्हर टेबलांमधून फिरत आला. "नई गाड़ी में बैठते टाइम सब लोग पासपोर्ट हाथ में रखना."

मी पर्स उघडली. पर्सचा मधला कप्पा, बाहेरचा कप्पा, बॅग, बॅगेचं अस्तर. लाडवांचा डबासुद्धा उघडून पाहिला, कशाला ते मला विचारू नका. आणि मग मला लिफ्टचा दिवा आठवला.

भाभींनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. "अगो, तू आलीच नायस. मी पहाटेपासून चाय ठेवून बसलंय. मग म्हटलं सतीशभाईंनी नेली असेल पिशवी. मला काय म्हाईत, तू पिशवीला टाकून एकलीच गेलीस ते."

"भाभी, पासपोर्ट आहे त्यात."

मग आत कुणाला तरी हाक, "अवो, थांबा जरा, चप्पल घालू नका." मग माझ्याशी, "तू खयं हाय?"

मी बरक्याला आहे म्हटल्यावर त्यांना हसू फुटलं. त्यांचे यजमान युसुफभाई यांचं बरक्याच्या मासळीबाजाराजवळ जाळ्या आणि दोरांचं दुकान आहे. रोज सकाळी नाश्ता करून ते दार्सैतहून तिकडेच निघतात. त्या वेळी ते दारात उभे होते.

दुसरी बस अजून आलेली नव्हती, पण युसुफभाईंची पिकअप आली. पुढच्या सीटवर माझी पिशवी होती आणि तिला सीटबेल्ट लावलेला होता. "तुमच्या भाभींनी सांगितलंय," ते म्हणाले, "पिशवी खाली ठेवायची नाय, मागे टाकायची नाय. परवासाला निघालेली हाय ती." मी त्यांना चहा घ्या म्हटलं तर म्हणाले, दुकान उघडायचंय, आणि गेलेसुद्धा.

पासपोर्ट मी छातीशी धरून बसले. बस बरक्याला बंद पडली नसती तर मी सरळ शिनासच्या पुढे सीमेवर जाऊन पर्स उघडली असती. तिथून दार्सैत काही जवळ नाही. ज्या बसला मी मघापासून नावं ठेवत होते तिच्याकडे मी पुन्हा एकदा पाहिलं. ती पंपाच्या कडेला उघड्या बॉनेटने उभी होती. मला तिची माफी मागावीशी वाटली.

उम्म सईदना हा सगळा प्रकार समजावून सांगायला एक कप कहवा लागला. ऐकून त्या म्हणाल्या, "शंता पहले गया. तुम पीछे." शंता म्हणजे पिशवी. त्यांना ही पद्धत फार पसंत पडली. "अच्छा है," म्हणाल्या. "शंता का घुटना नहीं दुखता."

सीमेवर

दुसरी बस आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुढचा रस्ता सोहारवरून जातो, एका बाजूला डोंगर, एका बाजूला बागा, आणि मी त्यातलं फारसं पाहिलं नाही, कारण मला झोप लागली. जाग आली ती ओमानची चौकी आल्यावर. तिथला शिक्का झटपट बसला. मला वाटलं सुटलो.

पलीकडच्या चौकीत व्हिसावाल्यांच्या खिडकीसमोर रांग होती आणि खिडकीतला तरुण अधिकारी हात जोडल्यासारखे करून बसला होता. "सिस्टम नहीं है," तो म्हणाला. "अभी आएगा, इन्शाल्ला." हा इन्शाल्ला मात्र पहिल्या प्रकारातला असावा अशी मी स्वतःची समजूत घातली. हॉल थंड होता, बाकं होती, कुणी कुणावर ओरडत नव्हतं. आपल्याकडे एव्हाना कुणीतरी खिडकीवर थाप मारली असती, बहुतेक मीच. इथे सगळे बसून राहिले. तासाने मीही बसायला शिकले.

चारच्या सुमारास मिलिंदचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, बायकांची बडबड. "ताई, केतकीची आई म्हणते दिवेलागणीला पाळण्यात घालायचं. तू कुठे आहेस?"

"सीमेवर. सिस्टम बंद आहे."

"मग असं करूया का, तू मला नाव सांग आत्ता. केतकीची बहीण कानात सांगेल. तू आलीस की पुन्हा सांग."

तो चुकीचं काही बोलत नव्हता. पन्नास माणसं जेवायला बोलावलेली, हॉलची वेळ ठरलेली, तो तरी काय करणार. पण मला रडू आलं. त्याला नाव सांगितलं असतं तर त्याने लगेच विचारलं असतं, हेच का? आणि आईची ती गोष्ट सीमेवरच्या बाकावरून, भांड्यांच्या आवाजात, फोनवर त्याला सांगायची माझी तयारी नव्हती. ती गोष्ट त्याच्यासमोर बसून सांगायची होती. "थांब, करते काहीतरी," म्हणून मी फोन ठेवला.

उम्म सईदचं काम केव्हाच झालं होतं. ओमानी माणसाला इथे व्हिसा लागत नाही, नुसतं ओळखपत्र पुरतं. बसला उशीर झाला म्हणून त्यांचे जावई गाडी घेऊन पलीकडे येऊन थांबले होते. तरी त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या होत्या, मी एकटी पडेन म्हणून. माझे डोळे पाहून म्हणाल्या, "क्या हुआ?"

मी सांगितलं. नाव फक्त मला माहीत आहे, ते मी बाळाच्या कानात सांगायचं असतं, आणि मी इथे अडकलेय. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हमारा बच्चा आता है तो दादा कान में अज़ान बोलता है. कान का बात हमको मालूम है." आणि स्वतःच्या डोक्यावरचा ओढणीचा काठ बाजूला करून त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तुम मेरे कान में दो. मैं उसके कान में देगा."

एवढी वर्षं पोटात ठेवलेलं नाव, आईने मलाच सांगितलेलं, ते असं देऊन टाकायचं? पण विचार करताना माझी नजर मांडीवरच्या पिशवीवर गेली. आई म्हणायची, प्रस्थान गेलं म्हणजे माणूस गेलं. मी गुरुवारीच निघाले होते. मग पुढे पोचायला मी याच पायांनी कशाला जायला हवं?

मी पिशवी त्यांच्यापुढे केली. उम्म सईद माझ्यापेक्षा शहाण्या. त्या म्हणाल्या, "पहले खोलो." दुसऱ्याची पिशवी न पाहता सीमेपलीकडे कोण नेईल? मी बाकावर सगळं मांडलं, साडी, तांदूळ, हळकुंड, कुंची. त्यांनी कुंची हातात घेऊन टाके पाहिले. कापड विकलेल्या बाईचे हात ते, टाके बघूनच त्या काय ते समजल्या असाव्यात. "माँ का कपड़ा?" मी मान हलवली. अधिकाऱ्यानेही एक नजर टाकली आणि हसला.

मग मी त्यांच्या कानाशी वाकले आणि नाव सांगितलं. त्यांनी दोनदा पुटपुटून म्हणून दाखवलं. उच्चार अगदी स्वच्छ आला. मी बजावलं, "किसी को मत बोलना. भाई को भी नहीं. सिर्फ बच्ची के कान में." त्यांनी छातीवर हात ठेवला, "अमाना." ठेव म्हणून दिलेली वस्तू.

मिलिंदला फोन करून सांगितलं, "एक आजी येतील, उम्म सईद. प्रस्थानाची पिशवी आणतील. त्यांना पाळण्यापाशी ने."

"ताई, तू बरी आहेस ना?" तो म्हणाला. पण मागून केतकीच्या आईचा आवाज मला या अर्ध्या कानानेही ऐकू आला. त्या वाईच्या, त्यांना प्रस्थान माहीत होतं. "प्रस्थान येतंय ना? मग ताई आल्याच की. त्यात एवढं काय."

उम्म सईद गेल्या. आता माझ्याजवळ पिशवीही नव्हती आणि नावही नव्हतं. मी सगळी पुढे निघून गेले होते, मागे राहिला होता तो माझा देह, पासपोर्ट आणि लाडवांचा डबा. डबा उघडून मी रांगेतल्या सगळ्यांना एकेक लाडू दिला, खिडकीतल्या मुलालाही. त्यातच दिवेलागण झाली आणि सिस्टम आली. लाडवामुळे आली असं मी म्हणत नाही, पण आमच्या बसमधली एक बाई म्हणत होती.

बसमध्ये बसल्यावर फोनवर एक फोटो आला. पाळण्यावर वाकलेल्या उम्म सईद, आणि इरकली कुंचीत एक एवढंसं तोंड. मला आनंद झाला आणि आपण तिथे नाही हेही टोचलं, दोन्ही एकाच वेळी. मी तो फोटो मोठा करून बघत राहिले, शारजाचे दिवे येईपर्यंत.

शारजा

हॉलमधल्या खुर्च्या एकावर एक चढवत होते तेव्हा मी पोचले. पाहुणे नुकतेच गेले होते. घरची चार माणसं आणि पाळणा एवढंच राहिलं होतं. मिलिंद धावत आला, मला वाटलं मिठी मारेल. त्याने माझे दंड धरले आणि विचारलं, "ताई, नाव काय ठेवलंय?"

"म्हणजे? ठेवलं ना? फोटो पाठवलास की."

"ठेवलं. पण काय ते कुणालाच माहीत नाही."

झालं होतं असं. उम्म सईद जावयांबरोबर आल्या, बिस्मिल्ला म्हणून पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "खलास." पन्नास माणसं कान टवकारून उभी. आपल्याकडे आत्या कानात सांगते आणि मग सगळ्यांना मोठ्याने सांगते. हा दुसरा भाग मी त्यांना सांगायलाच विसरले होते. मी सांगितलं होतं ते एवढंच की कुणाला बोलायचं नाही. मिलिंदने विचारलं, केतकीने विचारलं, केतकीच्या आईने हातात पेढा ठेवून गोडीगुलाबीने विचारलं. उम्म सईदनी पुरणपोळी तुपाशी पोटभर खाल्ली, प्रत्येकाला छातीवर हात ठेवून "अमाना" म्हणाल्या, आणि जावयांबरोबर लेकीकडे गेल्या. पाहुणे जेवून, आहेर देऊन, नाव न ऐकता घरी गेले. भिंतीवर चमकीच्या कागदात 'नामकरण' लिहिलेलं होतं आणि त्याखाली नावासाठी ठेवलेली जागा तशीच मोकळी होती.

"बाईने देवाचं नाव घेऊन सांगितलं, अगदी प्रेमाने सांगितलं," केतकीच्या आई म्हणाल्या. "पण पोटातलं काढून देईल तर शपथ." त्यांनी माझी पिशवी पाळण्याशेजारी पाटावर ठेवली होती. तिला हळदीकुंकू लावलेलं होतं आणि तिची ओटीही भरलेली होती.

मी हात धुतले आणि पाळण्याशी बसले. बाळ झोपलं होतं. नाव एकदा कानात जाऊन आलेलं होतं, तरी मी पुन्हा सांगितलं, अगदी हळू, माझ्या तोंडाने. मग सरळ बसून म्हटलं, "रेवती."

"किती छान," केतकी म्हणाली. मिलिंद म्हणाला, "छान आहे. कुठून काढलंस?"

"आईचं नाव आहे."

"आईचं नाव सुनंदा."

"ते लग्नात ठेवलं. तांदळात लिहून. त्याआधी ती रेवती होती." मी त्याला सगळं सांगितलं, आईने मला सांगितलं होतं तसं. तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे आईवडील गेले आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. सुनंदा म्हणून तिने संसार केला, आम्हाला वाढवलं, तक्रार कधी केली नाही. फक्त त्या दुपारी म्हणाली होती, "आपल्या घरात कुणीतरी मोठ्याने ते नाव घ्यावं असं फार वाटतं बघ. आता मी काही ऐकायला नसेन. तू ऐक."

मिलिंद भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे बघत उभा राहिला. आईच्या जाण्यानंतर तो माझ्यासमोर कधी रडला नव्हता, तेव्हाही रडला नाही. तो चालत हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, दारापर्यंत गेला, आणि घरातल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी त्याने तिथून मोठ्याने हाक मारली, "रेवती."

केतकी म्हणाली, "अरे, झोपलीय ती." तोवर ती दचकून जागी झाली होती, आणि कुंचीतून तोंड बाहेर काढून तिने साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओ दिली.